दोन वर्षांची असोसिएट पदवी: शुल्क किती, खरी किंमत किती आणि पगार किती

आपण विचारलेले थोडक्यात असे आहे. आपले कुटुंब सान होजेच्या परिसरात राहते, दीड वर्षापूर्वी घरातील सर्वांना ग्रीन कार्ड मिळाले आणि चिरंजीवांचे हायस्कूल यंदा पूर्ण झाले. एका खासगी विद्यापीठात प्रवेश मिळत आहे, परंतु तेथील शिकवणी शुल्कच वर्षाला ६०,००० डॉलरच्या पुढे आहे. मुलाचे म्हणणे असे की, घरून ये-जा करून कम्युनिटी कॉलेजातून (स्थानिक, सरकारी, दोन वर्षांच्या कॉलेजातून) नेटवर्किंग आणि सायबर सुरक्षेची दोन वर्षांची असोसिएट पदवी घ्यावी आणि लगेच नोकरी धरावी. हा व्यवहार पैशाच्या हिशेबाने परवडेल का, हा आपला पहिला प्रश्न. आणि इचलकरंजीला पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षात असलेल्या पुतण्यानेही याच पदवीसाठी विद्यार्थी व्हिसावर यावे का, हा दुसरा.

मी स्वतः महाराष्ट्रातील पॉलिटेक्निकचा पदविकाधारक आहे आणि गेली वीस वर्षे बे एरियातील (सान फ्रान्सिस्को-सान होजे परिसरातील) एका कम्युनिटी कॉलेजात नेटवर्किंग शिकवत आहे. तेवढ्या अनुभवावर सांगतो की पदवी एकच असली तरी दोन्ही मुलांसाठी उत्तरे उलट आहेत. चिरंजीवांना ती परवडते, मात्र ती खरोखरच दोन वर्षांत पूर्ण झाली पाहिजे आणि पुढची वाट बंद होणार नाही अशा रीतीने विषय निवडले पाहिजेत. पुतण्याने त्यासाठी येऊ नये.

आधी शुल्क पाहू, कारण सर्वांचे लक्ष तिकडेच जाते आणि खरे तर तो हिशेबातील सर्वांत लहान भाग आहे. कॅलिफोर्नियातील ११६ कम्युनिटी कॉलेजांमध्ये राज्याच्या रहिवाशांना दर युनिटला (अभ्यासाचा भार मोजण्याच्या एककाला) ४६ डॉलर द्यावे लागतात आणि हा दर २०१२ च्या उन्हाळ्यापासून बदललेला नाही. असोसिएट पदवीला ६० युनिटे लागतात, म्हणजे संपूर्ण पदवीचे शुल्क २,७६० डॉलर झाले. कूपर्टिनोचे डी अँझा किंवा लॉस आल्टोस हिल्सचे फूटहिल ही कॉलेजे क्वार्टर पद्धतीने, म्हणजे सेमिस्टरपेक्षा लहान सत्रांनी, चालतात. तेथे युनिट ३१ डॉलरचे आणि पदवी ९० युनिटांची, म्हणून बेरीज जवळपास तीच येते. शिवाय २०१७ मध्ये झालेल्या राज्याच्या कायद्याच्या आधारे बरीच कॉलेजे पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांचे दोन वर्षांचे शुल्क पालकांचे उत्पन्न न पाहता माफ करतात. त्यासाठी आर्थिक साहाय्याचा अर्ज मात्र भरावा लागतो. आपल्याकडील अनेक पालक ‘आपले उत्पन्न जास्त आहे, आपल्याला काय मिळणार’ असे म्हणून हा अर्ज भरतच नाहीत आणि मिळू शकणारी माफी घालवतात. पुस्तके, आरोग्य शुल्क आणि पार्किंग यांचे वर्षाला हजारेक डॉलर धरावेत. वर्गांच्या वेळापत्रकात पाठ्यपुस्तकाचा खर्च नसलेले वर्ग वेगळ्या खुणेने दाखवलेले असतात; ते निवडले तर हाही आकडा खाली येतो.

खरी किंमत वेळेची आहे. कॅलिफोर्नियात २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १६.५० डॉलर होते; तोच दर धरू. चिरंजीवांनी शिकण्याऐवजी आठवड्याला ४० तासांप्रमाणे वर्षातील ५० आठवडे किमान वेतनावर काम केले, तर ते ३३,००० डॉलर मिळवतील. शिकत असताना आठवड्याला २० तास काम करणे बहुतेकांना झेपते, त्यामुळे प्रत्यक्षात वर्षाला १६,५०० डॉलरच्या कमाईवर पाणी सोडावे लागते. दोन वर्षांचे ३३,०००, त्यात शुल्क आणि इतर खर्चाचे पावणेपाच हजार मिळवले की पदवीची खरी किंमत ३८,००० डॉलरच्या आसपास जाते. शुल्क त्यात तेरावा हिस्साही नाही. हीच पदवी तीन वर्षांत झाली तर किंमत ५५,००० च्या घरात जाते, आणि हा वाढीव खर्च कोणत्याही पावतीवर दिसत नाही.

आता ही दोन वर्षे तीन का होतात ते सांगतो, कारण माझ्या वर्गात दर वर्षी हेच घडते. आर्थिक साहाय्यासाठी सेमिस्टरला १२ युनिटे घेणारा विद्यार्थी पूर्णवेळ मानला जातो. विद्यार्थी आणि पालक दोघेही त्यावरून असे धरून चालतात की १२ युनिटे घेतली की दोन वर्षांत पदवी होईल. चार सेमिस्टरांत बारा-बाराने ४८ युनिटे होतात. ६० साठी १५ युनिटे घ्यावी लागतात किंवा उन्हाळ्यात वर्ग करावे लागतात. दुसरी अडचण विषयांच्या साखळीची आहे. नेटवर्किंगचे वर्ग एकमेकांवर आधारलेले असतात: सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या अभ्यासक्रमात ओळख, मग स्विचिंग-राउटिंग, मग मोठ्या संस्थांची नेटवर्के आणि त्यांची सुरक्षा असे तीन टप्पे आहेत, आणि लहान कॉलेजांत वरच्या टप्प्याचा वर्ग वर्षातून एकदाच भरतो. पहिला टप्पा पहिल्या सेमिस्टरला राहून गेला की पुढे वर्षभर थांबावे लागते. तिसरी अडचण सामान्य शिक्षणाच्या, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या सक्तीच्या विषयांची. नेटवर्किंगचे सगळे विषय उत्तम गुणांनी पूर्ण केलेला माझा एक विद्यार्थी भाषणकलेचा एक विषय राहिला म्हणून पदवीविना नोकरीला लागला. आज तो चांगले काम करतो, पण त्याच्या अर्जावर पदवीच्या जागी ‘काही कॉलेज’ एवढेच लिहिलेले असते आणि पदवीची अट असलेल्या जागांसाठीच्या पहिल्याच चाळणीत त्याचा अर्ज गळतो. पहिल्या सेमिस्टरच्या आधीच समुपदेशकाकडे बसून चारही सेमिस्टरांचा कागद तयार करून घेणे, यासारखे पैसे वाचवणारे दुसरे काम मला तरी ठाऊक नाही.

मिळकतीकडे वळू. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी ब्युरोच्या २०२३ च्या आकड्यांनुसार २५ वर्षांवरील पूर्णवेळ नोकरदारांचा आठवड्याचा मध्यक पगार (निम्म्यांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी) हायस्कूल झालेल्यांना ८९९ डॉलर, कॉलेज अर्धवट सोडलेल्यांना ९९२, असोसिएट पदवीधरांना १,०५८ आणि बॅचलर पदवीधरांना १,४९३ डॉलर होता. हायस्कूल आणि असोसिएट यांतील अंतर आठवड्याला १५९, म्हणजे वर्षाला सुमारे ८,२७० डॉलर आहे. ३८,००० डॉलरची किंमत या अंतराने भागली तर वसुलीला साडेचार वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. पदवीला तीन वर्षे लागली असतील तर साडेसहा वर्षांहून अधिक. हा हिशेब करापूर्वीचा आणि ढोबळ आहे, पण मुलाचे पुढचे चाळीसेक वर्षांचे कामकाजाचे आयुष्य पाहता वाईट नाही.

तरीही या आकड्यांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अर्धवट सोडलेला आणि पूर्ण केलेला यांच्यात सरासरी अंतर आठवड्याला अवघे ६६ डॉलर आहे, तर असोसिएट आणि बॅचलर यांच्यात ४३५. याचा अर्थ असा की दोन वर्षांच्या पदवीला सरसकट असा भाव नाही. तिचा भाव विषयावर ठरतो. इतिहास किंवा ‘सामान्य अभ्यास’ या विषयांतील असोसिएट पदवी ही बहुधा अर्ध्या वाटेवरचा थांबा असते आणि तेथेच उतरणाऱ्याला बाजारात फारसे काही मिळत नाही. तंत्र विषयांत मात्र थेट नोकरी असते. संगणक साहाय्य तज्ज्ञ, म्हणजे हेल्पडेस्कपासून कार्यालयाचे नेटवर्क सांभाळणाऱ्या साहाय्यकापर्यंतची मंडळी, यांचा वार्षिक मध्यक पगार २०२३ मध्ये ६०,८१० डॉलर होता. नेटवर्क आणि संगणक प्रणाली प्रशासकांचा ९५,३६० होता, पण त्या जागांना बहुतेक ठिकाणी बॅचलर पदवी किंवा बऱ्याच वर्षांचा अनुभव मागतात. आपल्या चिरंजीवांनी पहिल्या आकड्याकडे पाहावे, आणि त्यातही तो सर्व वयांच्या लोकांचा आहे, नव्याने लागणाऱ्याचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. सुरुवात त्याच्या खालून होते. (जाता जाता: केवळ दोन वर्षांच्या पदवीवर जास्तीत जास्त मिळकत हवी असेल तर संगणकापेक्षा दंत-आरोग्यतज्ज्ञाचे काम पुढे आहे; २०२३ मध्ये त्यांचा मध्यक पगार ८७,५३० डॉलर होता. मराठी पालकांना मी हे सांगतो तेव्हा ते हसतात आणि विषय बदलतात.)

देशभराच्या सरासरीपेक्षा आपल्या कॉलेजचा आकडा पाहणे केव्हाही चांगले. त्यासाठी दोन सरकारी साधने आहेत. केंद्र सरकारचे कॉलेज स्कोअरकार्ड प्रत्येक कॉलेजातील विषयवार मध्यक मिळकत दाखवते, पण त्यात केवळ केंद्रीय आर्थिक साहाय्य घेतलेले विद्यार्थी मोजलेले असतात आणि वर्ग लहान असेल तर आकडा झाकलेला असतो. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेज व्यवस्थेचे सॅलरी सर्फर हे साधन विषयानुसार पदवीच्या दोन वर्षे आधीची, तसेच पदवीनंतर दोन आणि पाच वर्षांनी असलेली मिळकत शेजारी शेजारी मांडते. मला दुसरे अधिक उपयोगी वाटते, कारण पदवीआधीचा आकडा पाहिल्याशिवाय पदवीने काय दिले हे कळत नाही. माझ्या संध्याकाळच्या वर्गातील निम्मे विद्यार्थी आधीपासूनच कुठे तरी तांत्रिक काम करणारे तिशी-पस्तिशीचे असतात; त्यांचा नंतरचा पगार पाहून अठरा वर्षांच्या मुलाने आशा बांधू नये.

यानंतरचा मुद्दा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. एकाच कॉलेजात एकाच विषयाभोवती दोन वेगळ्या पदव्या असतात आणि त्यांची नावे इतकी सारखी असतात की चूक होणे साहजिक आहे. एक आहे थेट नोकरीसाठीची नेटवर्किंग किंवा सायबर सुरक्षेची असोसिएट पदवी. दुसरी आहे ट्रान्सफरसाठीची, म्हणजे पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्यासाठीची असोसिएट पदवी, जी २०१० च्या कायद्याने सुरू झाली आणि जी घेतल्यावर कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत तिसऱ्या वर्षाला जागेची हमी मिळते. ही हमी व्यवस्थेतील कुठल्या तरी विद्यापीठाची असते, हव्या त्याच विद्यापीठाची वा हव्या त्याच विषयाची नसते. सान होजे स्टेटच्या संगणकशास्त्रासारख्या विषयांना जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त येतात. पहिल्या प्रकारच्या पदवीत कॅलक्युलस नसते, डेटा स्ट्रक्चर्स बहुधा नसतात. एकविसाव्या वर्षी हेल्पडेस्कचा कंटाळा आलेला मुलगा ‘आता बॅचलर करतो’ म्हणतो तेव्हा त्याच्या साठपैकी नेटवर्किंगची बरीचशी युनिटे विद्यापीठ स्वीकारते खरे, पण ऐच्छिक म्हणून. संगणकशास्त्राच्या मुख्य विषयांत ती मोजली जात नाहीत. त्याला कॅलक्युलसपासून आरंभ करावा लागतो आणि चार वर्षांचे काम सहा वर्षांवर जाते.

हे टाळणे फारसे महाग नाही. चिरंजीवांनी पहिल्याच सेमिस्टरला नेटवर्किंगच्या पहिल्या टप्प्याबरोबर कॅलक्युलस घ्यावे आणि इंग्रजी व सामान्य शिक्षणाचे विषय ट्रान्सफरच्या यादीतूनच निवडावेत. कोणता विषय कोणत्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात चालतो, हे राज्याच्या ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर विषय-क्रमांकानिशी दिसते. तेथे दिसत नसेल तर कोणाच्याही तोंडी आश्वासनावर विसंबू नये, माझ्याही नाही. पहिल्या वर्षाअखेरीस गणित झेपते आहे असे दिसले, तर माझा सल्ला ट्रान्सफरचा राहील. दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजचे २,७६० आणि पुढची दोन वर्षे स्टेट युनिव्हर्सिटीचे, २०२५-२६ च्या दराने वर्षाला ६,४५० प्रमाणे १२,९००, असे चार वर्षांचे शिकवणी शुल्क १५,६६० डॉलर होते; विद्यापीठाचे परिसर-शुल्क वेगळे, आणि हे दर दर वर्षी वाढवण्याचे व्यवस्थेने ठरवले आहे, हेही खरे. तरी खासगी विद्यापीठाच्या एका वर्षाच्या शुल्कात हा खर्च तीनदा बसेल.

ट्रान्सफर कागदावर जितकी सोपी दिसते तितकी ती प्रत्यक्षात नाही, हे सांगितले नाही तर मी अर्धे सत्य सांगितल्यासारखे होईल. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या मनात बॅचलर पदवी असते. देशभरात त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश चार वर्षांच्या विद्यापीठात पोहोचतात, आणि प्रवेशापासून सहा वर्षांत बॅचलर पूर्ण करणारे सुमारे १६ टक्केच असतात. या गळतीची कारणे बहुतांशी पैसा, नोकरी आणि घरची जबाबदारी ही आहेत. आपल्या मुलाला घरचे जेवण, डोक्यावर छप्पर आणि आई-वडिलांची साथ आहे, त्यामुळे त्याची शक्यता या सरासरीपेक्षा चांगली आहे, पण ती आपोआप चांगली होणार नाही.

सायबर सुरक्षेबद्दल एक सूचना. या नावाला सध्या फार वलय आहे, परंतु संरक्षण खाते आणि त्यांचे ठेकेदार यांच्या ज्या जागांना सुरक्षा मंजुरी (गोपनीय कामासाठीची सरकारी परवानगी) लागते, त्या अमेरिकेच्या नागरिकांसाठीच असतात. ग्रीन कार्डधारकाला नागरिकत्व मिळेपर्यंत, म्हणजे सर्वसाधारणपणे पाच वर्षे, हा मोठा हिस्सा बंद आहे. उरलेल्या खासगी क्षेत्रात सुरक्षेच्या कामावर आधी नेटवर्क सांभाळलेला माणूस घेतात. म्हणून नेटवर्किंग आधी आणि सुरक्षा नंतर. पदवीबरोबर सिस्को कंपनीची सीसीएनए ही नेटवर्किंगची प्रमाणपत्र परीक्षा द्यावी. तिचे शुल्क ३०० डॉलर आहे आणि शाळा-जिल्हे, नगरपालिका, रुग्णालये अशा ठिकाणच्या जागांसाठी, जेथे आमचे विद्यार्थी खरोखर लागतात, ती पदवीइतकीच विचारली जाते.

करांचा एक लहानसा मुद्दा: अमेरिकन ऑपर्च्युनिटी ही शैक्षणिक करसवलत वर्षाला कमाल २,५०० डॉलरची आहे, पण पती-पत्नीचे एकत्रित समायोजित उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या वर गेले की ती घटत जाते आणि १,८०,००० ला संपते. बे एरियात दोघेही आयटीत असतील तर ती बहुधा मिळणार नाही. केंद्राचे पेल अनुदान, कमाल ७,३९५ डॉलर, ग्रीन कार्डधारकाला मिळू शकते, पण तेही उत्पन्नावरच ठरते.

आपल्याला ग्रीन कार्ड मिळाले नसते तर माझे उत्तर वेगळे असते, आणि मराठी मंडळातील आपल्या काही मैत्रिणी त्या परिस्थितीत असतील म्हणून लिहितो. एच-४ वर (एच-१बी व्हिसाधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असलेला मुलगा कॅलिफोर्नियात वर्षभराच्या वास्तव्यानंतर रहिवासी दराने शिकू शकतो, पण त्याला नोकरी करता येत नाही आणि एकविसाव्या वर्षी एच-४ संपते. त्याच्यासाठी लगेच नोकरी देणाऱ्या पदवीला अर्थच उरत नाही. त्याने ट्रान्सफरचीच वाट धरावी. तसेच, मंडळाच्या गणेशोत्सवात ‘मुलगा कुठे आहे’ असे कोणी विचारले की कम्युनिटी कॉलेजचे नाव घेताना पालकांचा आवाज खाली जातो, हे मी स्वतः पाहिले आहे. या संकोचापोटी साठ हजारांचे कर्ज काढलेली दोन घरे माझ्या ओळखीची आहेत.

आता पुतण्याबद्दल. त्याला रहिवासी दर मिळणार नाही. सेमिस्टर पद्धतीच्या बहुतेक कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याला सर्व मिळून युनिटला ३५० ते ४५० डॉलर पडतात; ४०० धरले तरी पदवीचे शुल्क २४,००० डॉलर होते, आणि बे एरियातील राहणे-जेवण त्याहून महाग पडते. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर नुसत्या शुल्काचे वीस लाख रुपये झाले. सत्र चालू असताना त्याला फक्त कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तास काम करता येईल. असोसिएट पदवीनंतर १२ महिन्यांची ओपीटी (विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्याला नोकरी करण्याची तात्पुरती मुभा) मिळते, परंतु विज्ञान-तंत्रज्ञान विषयांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ बॅचलर किंवा त्यावरील पदवीलाच आहे, आणि एच-१बी व्हिसाला मुळातच बॅचलर पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. म्हणजे चाळीस-पन्नास लाख रुपये घालून त्याच्या हाती एका वर्षाची नोकरी आणि परतीचे तिकीट येईल. दहावीनंतर केलेल्या त्याच्या डिप्लोमाची युनिटे इथे मिळालीच तर थोडी मिळतील, म्हणजे शिकलेलेच पुन्हा शिकायचे.

महाराष्ट्रात तोच डिप्लोमा त्याला थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश देतो. तीन वर्षांत बी.ई. होईल. अमेरिकेला यायचेच असेल तर त्यानंतर एम.एस.साठी यावे, तेव्हा १२ अधिक २४ असे तीन वर्षे काम करण्याची मुभा असेल आणि शिक्षणावर काढलेले कर्ज फेडायला तेवढा अवधी लागतोच. त्याच्या शेवटच्या सेमिस्टरची गुणपत्रिका आली की थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचा अर्ज आधी भरावा, आणि व्हिसाचा विचार बी.ई.च्या शेवटच्या वर्षापर्यंत बाजूला ठेवावा.